डॉक्टरांवर केस करायची आहे, वकील कसा निवडू?

तुमचा प्रश्न मला असा समजला. साताऱ्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये आईचं पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. त्यात पित्तनलिकेला इजा झाली, आठवडाभर ती कुणाच्या लक्षात आली नाही आणि शेवटी पुण्यात दुसरं मोठं ऑपरेशन करावं लागलं. याला चौदा महिने झाले. पहिल्या हॉस्पिटलचं बिल पंच्याऐंशी हजार, पुण्याचा खर्च आठ लाखांच्या घरात. एका वकिलांनी दोन लाख फी सांगितली आणि "साठ लाखांचा क्लेम लावू, सरळ मुंबईला स्टेट कमिशनमध्ये (म्हणजे राज्य ग्राहक आयोगात) टाकू" असं म्हणाले. न्यू जर्सीतला मावसभाऊ सांगतो की वकील आधी पैसे घेतच नाही, जिंकल्यावर टक्केवारी घेतो. पहिलं हॉस्पिटल आता बिलाचे पैसे परत द्यायला तयार आहे, पण एका कागदावर सही मागतंय. आणि या सगळ्यात चांगला वकील ओळखायचा कसा, हे तुम्हाला हवंय.

मी बरीच वर्षं जिल्हा ग्राहक आयोगात अशा केसेस चालवतो. बहुतेक रुग्णांच्या बाजूने, काही डॉक्टरांच्या बाजूनेही. त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगतो: वकिलाकडे जाण्याआधी दोन कामं तुमची तुम्हालाच करायची आहेत. ती झाली की समोरच्या वकिलाला यातलं कळतं की नाही, हे तुम्हाला पहिल्या अर्ध्या तासात समजेल.

पहिलं काम, तारीख पक्की करणं. ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. ती कधीपासून मोजायची यावर वाद होऊ शकतो: ऑपरेशनच्या दिवसापासून, इजा झाल्याचं कळलं त्या दिवसापासून, की पुण्याच्या डिस्चार्जपासून. तुम्ही या वादात पडूच नका. पहिल्या ऑपरेशनच्या तारखेपासून मोजा आणि त्याच्या आत तक्रार दाखल होईल असं बघा. गोव्यातल्या एका नर्सबाईंचं पित्ताशयाच्या खड्यांचंच ऑपरेशन १९९३ मध्ये झालं होतं. पोटात राहिलेला गॉज (जाळीदार कापडाचा बोळा) २००२ मध्ये दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी सापडला. २००४ मध्ये त्यांनी तक्रार केली आणि २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने ती मुदतबाह्य ठरवली. इतकी वर्षं दुखत होतं आणि तुम्ही स्वतः वैद्यकीय क्षेत्रातल्या, मग आधी चौकशी का केली नाही, असा कोर्टाचा मुद्दा होता. विलंब माफ करून घेता येतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळा युक्तिवाद, आणि समोरच्याला आयता मुद्दा. तुमच्या हातात दहा महिने आहेत. ते वाटतात तेवढे नाहीत, कारण दुसरं काम वेळ खातं.

ते काम म्हणजे कागद. तुमच्याकडे डिस्चार्ज कार्ड, बिलं आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट आहेत असं तुम्ही लिहिलंय. ते पुरत नाहीत. पहिल्या हॉस्पिटलचे संपूर्ण इनडोअर पेपर हवेत: ऑपरेशन नोट्स, भुलेची नोंद, संमतीपत्र, डॉक्टरांच्या रोजच्या नोट्स, सिस्टरांच्या नोट्स, ताप-नाडीचा तक्ता, ड्रेनचा, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर काढायला लावलेल्या नळीचा हिशेब. ऑपरेशनचं रेकॉर्डिंग केलं असेल तर तेही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात आणि आंतररुग्णाचं रेकॉर्ड किमान तीन वर्षं जपावं लागतं. केस पेपर ही हॉस्पिटलची खाजगी मालमत्ता आहे, हा बचाव मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच निकालात काढला. "पुढच्या आठवड्यात या" हे उत्तर तुम्ही तोंडी किती वेळा ऐकलं याला किंमत नाही. आईच्या सहीचा लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच द्यायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. कागद मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर ते न देणं हाच सेवेतल्या त्रुटीचा एक मुद्दा होतो.

हे सगळं एवढ्यासाठी की तुमच्या केसमध्ये एक अडचण आहे आणि ती त्या दोन लाखवाल्या वकिलांनी तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा होणं ही जगभर माहीत असलेली गुंतागुंत आहे. अनुभवी सर्जनच्या हातूनही ती होते. संमतीपत्रावर ती बहुधा छापलेली असते आणि खाली आईची सही असते. त्यामुळे "इजा झाली, म्हणजे निष्काळजीपणा" एवढ्यावर केस उभी राहत नाही. सुप्रीम कोर्टाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात मोजपट्टी ठरवून दिली आहे: त्या क्षेत्रातल्या साधारण कुशल डॉक्टरने त्या परिस्थितीत जे केलं असतं ते इथे केलं का? तुमच्या बाबतीत हा प्रश्न तीन ठिकाणी विचारायचा. आतली रचना नीट दिसत नव्हती का, आणि नसेल तर पोट उघडून ऑपरेशन करायचा निर्णय घेतला का? ऑपरेशननंतर गळतीची लक्षणं कधी दिसली आणि तेव्हा काय केलं? आणि पुढे कधी पाठवलं? माझ्या मते अशा केसेसमध्ये जीव दुसऱ्या प्रश्नात असतो.

म्हणून मी फाइल हातात आली की डॉक्टरांच्या नोट्स बाजूला ठेवतो आणि सिस्टरांच्या आधी वाचतो. डॉक्टरांची नोंद दोन ओळींची असते, कधीकधी नंतर लिहिलेली. सिस्टर रात्रपाळीत जे दिसतं ते लिहून मोकळ्या होतात. अशाच एका फाइलमध्ये तिसऱ्या दिवशी पहाटे सिस्टरने लिहिलं होतं: पोट फुगलंय, पेशंट कण्हतोय, ड्रेनमध्ये हिरवट पाणी, सरांना फोनवर कळवलं. त्याच सकाळी राउंडची नोंद होती: तब्येत स्थिर, मऊ आहार सुरू. सोनोग्राफी झाली त्यानंतर दोन दिवसांनी. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की पुढच्या दहा पानांची तक्रार लिहायला वेळ लागत नाही. संमतीपत्रही असंच बारकाईने बघायचं: मजकूर इंग्रजीत आणि सही मराठीत आहे का, सर्जनच्या नावाची जागा कोरी आहे का, तारीख आणि वेळ कुणाच्या अक्षरात आहे. रुग्णाला समजेल अशी माहिती देऊनच संमती घ्यायची असते, हे २००८ च्या समीरा कोहली निकालाने स्पष्ट केलंय.

पुण्याचे कागद तर तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहेत. दुसऱ्या सर्जनने पोट उघडल्यावर काय दिसलं ते त्याच्या ऑपरेशन नोट्समध्ये असतं: क्लिप कुठे लागली होती, नलिका कुठे कापली गेली होती, पोटात किती पित्त साठलं होतं. तो सर्जन तुमच्यासाठी साक्ष द्यायला बहुधा येणार नाही, आणि त्याच्यावर रागावूही नका. त्याच्या नोट्स पुरेसं बोलतात.

कागद हातात आले की ते वकिलाआधी एखाद्या सर्जनला दाखवा. शक्यतो दुसऱ्या शहरातला, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेला असेल तर बरं. लेखी मत देणारे कमी, कारण आपल्याच बिरादरीतल्या माणसाविरुद्ध लिहायला कुणाला आवडत नाही. पण "मला फक्त समजून घ्यायचंय, नाव कुठे येणार नाही" असं म्हटलं तर अर्धा तास बोलणारे मिळतात. त्या अर्ध्या तासात इथे काही दम नाही असं कळलं, तरी तुमचे दोन लाख आणि पुढची काही वर्षं वाचतात. प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचा अहवाल लागतोच असं नाही. २०१० च्या व्ही. किशन राव निकालात सुप्रीम कोर्टाने तसं सांगितलंय. पोटात कापूस राहिला, चुकीच्या पायाचं ऑपरेशन झालं, अशी उघड चूक असेल तर वस्तुस्थितीच बोलते. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात नसबंदीच्या शस्त्रक्रियेत पोटात मॉप (रक्त टिपायचं कापड) राहून एक बाई दगावली, त्या अच्युतराव खोडवा खटल्यात कोर्टाने तेच धरलं. मात्र त्या निकालाला १९९६ उजाडलं. तुमची केस त्या प्रकारातली नाही. तुम्हाला मत लागेल, आणि नाहीच मिळालं तर सर्जरीच्या प्रमाण ग्रंथांमधली पानं लागतील. ती शोधून जोडणं हे वकिलाचं काम.

तर तारीख ठरली, कागद आले, सर्जनशी बोलणं झालं. आता वकील.

शोधायचा कुठे, याचं उत्तर फारसं कुणाला सुचत नाही, पण साधं आहे. ग्राहक आयोगांचे निकाल ऑनलाइन वाचता येतात आणि प्रत्येक निकालाच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंच्या वकिलांची नावं असतात. सातारा, पुणे, सांगली, कोल्हापूर इथले डॉक्टरांविरुद्धचे निकाल काढा. तीच तीच नावं पुन्हा दिसू लागतील. जिंकलं कोण यापेक्षा निकालात तक्रारदाराचे कोणते मुद्दे नोंदवलेत ते वाचा. हरलेल्या केसमध्येही मेहनत दिसते. गूगलवर सगळ्यात वर दिसतो तो वकील चांगला, असं काही नाही. वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करायला मनाई आहे, तेव्हा वरची बरीच पानं मधल्या लोकांची असतात. आणि हॉस्पिटलच्या गेटवर "केस करायची का, आपले साहेब आहेत" म्हणत भेटणाऱ्या माणसाला तर चहासुद्धा पाजू नका. वेळ असेल तर एक दिवस जिल्हा आयोगात मागच्या बाकावर जाऊन बसा. कोण फाइल वाचून उभा राहतो आणि कोण फक्त पुढची तारीख मागतो, हे बघायला कायदा यावा लागत नाही.

आता तुम्हाला भेटलेल्या वकिलांबद्दल. मी त्यांना ओळखत नाही, पण त्यांच्या एका वाक्याने मला शंका येते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याआधी नुकसानभरपाई किती मागता त्यावरून आयोग ठरायचा. आता मोबदला म्हणून किती पैसे दिले त्यावरून ठरतो: पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय. तुम्ही ज्या हॉस्पिटलविरुद्ध जाणार त्याला पंच्याऐंशी हजार दिले. पुण्याचे आठ लाख हे तुमचं नुकसान आहे, त्या हॉस्पिटलचा मोबदला नाही. म्हणजे साठ लाख मागा नाहीतर एक कोटी, केस जिल्हा आयोगातच जाणार, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्कही नाही. ही तरतूद सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये कायमही ठेवली. जो वकील अजून जुन्या हिशेबाने बोलतो, त्याने मधल्या काळात या विषयातलं काम फारसं केलं नसावं. त्यांना हे थेट विचारून बघा. "हो, बरोबर, बघून सांगतो" म्हणाले तर एक वेळ ठीक. चिडले तर उठा.

भेटीत बाकी काय बघायचं? रक्कम सांगण्याआधी कागद मागतो का. मी स्वतः फाइल वाचल्याशिवाय केस घेत नाही, आणि वाचण्याची वेगळी फी घेतो. ज्यांना ती द्यायची नसते ते पहिल्या दिवशीच जातात, हेही बरंच. तुमच्या केसमधलं दुबळं काय ते सांगतो का. "शंभर टक्के जिंकू" म्हणणारा एक तर फाइल वाचलेला नाही किंवा तुम्हाला वाचतोय. त्याने स्वतः अशा किती केसेस शेवटच्या युक्तिवादापर्यंत नेल्या ते विचारा. नोटीस पाठवून तडजोड केलेल्या मोजू नका. तारखेला तो स्वतः येणार की ज्युनियर, हेही विचारा. ज्युनियर येणं वाईट नाही, दर वेळी नवा ज्युनियर येणं वाईट. आणि साताऱ्यासारख्या गावात हा प्रश्न न लाजता विचाराच: तुम्ही या डॉक्टरांचं, या हॉस्पिटलचं किंवा त्यांच्या विमा कंपनीचं काम करता का? वकील आणि सर्जन एकाच रोटरी क्लबात असतात, मुलं एकाच शाळेत. बहुतेक डॉक्टरांचा व्यावसायिक विमा असतो आणि त्या कंपनीचा वकील वर्षानुवर्षं हेच काम करत असतो. तुमच्यासमोर तो उभा राहणार, हे धरून निवड करा.

सातारा की पुणे, यावर माझं मत साताऱ्याकडे झुकतं. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, आणि तुमच्या बाबतीत हॉस्पिटलही तिथलंच. दर तारखेला पुण्याहून वकील आणायचा तर प्रवासखर्च फीपेक्षा वर जातो. पण गावात वैद्यकीय केसेस समजणारा कुणी नसेल, किंवा सगळेच डॉक्टरांच्या ओळखीचे निघाले, तर हे मत सोडून द्या. मधला मार्गही आहे: तक्रारीचा मसुदा आणि शेवटचा युक्तिवाद पुण्याच्या अनुभवी वकिलाकडून, तारखा स्थानिक वकिलाकडून. कोण कशाला जबाबदार, हे मात्र आधी लिहून ठेवा.

फी. मावसभावाला सांगा की त्याच्याकडे ती पद्धत आहे, इकडे नाही. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा भरपाईत वाटा घेणं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलाला मना केलंय. त्यामुळे "आत्ता काही नको, तीस टक्के नंतर" असं कुणी म्हणालं तर सुरुवातच नियम मोडून होतेय. दोन लाख जास्त की कमी, हे मी त्यात काय काय धरलंय हे कळल्याशिवाय सांगू शकत नाही. नोटीस, तक्रार, पुराव्याचं शपथपत्र, समोरच्या डॉक्टरांना द्यायची प्रश्नावली, लेखी युक्तिवाद, तोंडी युक्तिवाद: सगळं आलं का? तज्ज्ञाची फी वेगळी का? हॉस्पिटल अपिलात गेलं तर? टप्प्याटप्प्याने द्या, बँकेतून द्या, पावती घ्या. वाद झाला तर वकील फीपोटी तुमची फाइल अडवून ठेवू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० मध्ये सांगितलंय. तरीही मूळ कागद देऊ नका, झेरॉक्सचा संच द्या. आणि एक गंमत: सुप्रीम कोर्टाच्या मे २०२४ च्या निकालानंतर डॉक्टर ग्राहक कायद्यात आहेत, वकील नाहीत. आम्ही चुकलो तर तुम्ही आमच्याविरुद्ध ग्राहक आयोगात येऊ शकत नाही. म्हणून निवडतानाच काळजी घ्या. पैशांची खरंच अडचण असेल तर आईच्या नावाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करता येतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मात्र पॅनलवरच्या वकिलाला हा विषय येतो का, ते तिथेही विचारावं लागेल.

वकील न लावता स्वतः केस चालवता येते का, असं लोक विचारतात. कायद्याने येते, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार घरबसल्या दाखलही होते. कुणाल साहांचं उदाहरण सगळे देतात: पत्नीच्या १९९८ मधल्या मृत्यूबद्दल त्यांना सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सुमारे सहा कोटी आणि वर व्याज दिलं. ते स्वतः डॉक्टर आहेत आणि त्यांना पंधरा वर्षं लागली, हे दोन्ही लक्षात ठेवा.

पोलिसांत जाऊ का, याचं माझं उत्तर तुमच्या केसपुरतं "नाही" असं आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये डॉक्टरांसाठी दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण ती रुग्ण दगावला तरच. शिवाय डॉक्टरांवर फौजदारी केस व्हायला निष्काळजीपणा फार मोठा असावा लागतो आणि आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं. ते मत विरोधात गेलं तर तोच कागद ग्राहक आयोगात तुमच्यासमोर येतो. दबाव टाकायला एफआयआर करू, असा सल्ला देणारा वकील मला आवडत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. तिथे पैसे मिळत नाहीत, डॉक्टरांच्या नोंदणीवर कारवाई होऊ शकते. तुम्हाला नेमकं काय हवंय यावर ते ठरवा.

किती वेळ लागेल? कायद्यात तीन महिने लिहिलेत, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वर्षं लागतात. एका ठिकाणी मात्र कायदा कडक आहे: समोरच्याने तीस दिवसांत, फार तर आणखी पंधरा दिवसांत लेखी जबाब द्यायचा असतो, आणि २०२० च्या घटनापीठाच्या निकालानंतर ही मुदत आयोगालाही वाढवता येत नाही. जागरूक वकील नोटीस बजावल्याची तारीख डायरीत लिहून ठेवतो. अपिलात जायचं तर हॉस्पिटलला आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

राहिला तो सहीचा कागद. त्यात "उपचारांबाबत आमची कोणतीही तक्रार नाही व भविष्यात करणार नाही" असं वाक्य असणार. पंच्याऐंशी हजारांसाठी ते लिहून देऊ नका, आणि आईला एकटीला गाठून सही घेतली जाणार नाही याकडे लक्ष ठेवा. तडजोडीला माझा विरोध नाही. नव्या कायद्यात आयोगामार्फत मध्यस्थीची सोय आहे, पण गंभीर इजा किंवा मृत्यू झालेल्या वैद्यकीय निष्काळजीपणाच्या केसेस नियमांनुसार तिकडे पाठवता येत नाहीत, तेव्हा तडजोड आपसात बोलूनच करावी लागेल. बऱ्याच घरांना तोच मार्ग बरा पडतो. पण ती बोलणी पुण्याचा खर्च, पुढच्या तपासण्या आणि आईचं काम किती महिने बंद राहिलं, याचा हिशेब मांडून व्हायला हवीत. तो कागद सही न करता घ्या, फोटो काढा आणि इनडोअर पेपरच्या अर्जाची पोच त्याच भेटीत मागा.